उन्हा-पावसात टिकणाऱ्या नावाच्या पट्ट्या: मुंबईतल्या गॅलरीसाठी आणि सोसायटीच्या बागेसाठी

मुंबईत झाडाच्या पट्टीवरचं नाव बहुतेक वेळा पावसाने जात नाही, उन्हाने जातं. जूनमध्ये पट्टी कोरी दिसली की खापर पावसावर फुटतं. प्रत्यक्षात मार्च ते मे या काळात शाई विटून गेलेली असते, आणि उरलासुरला डाग पहिल्या सरींनी धुतला जातो. म्हणून आधी लिहायचं साधन ठरवायचं आणि मग पट्टी. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. छान लाकडी पट्ट्या आणतात आणि घरात पडलेल्या मार्करने त्यावर नावं घालतात.

दुसरं, पट्टी कधीतरी हरवणार हे धरूनच चालायचं. कावळा उपटतो, माळी कुंडी बदलताना बाजूला काढून ठेवतो, मुलं खेळायला घेतात. म्हणून नाव तीन ठिकाणी हवं: वर दिसणाऱ्या पट्टीवर, मातीत पुरलेल्या पट्टीवर आणि वहीत. तिन्हीपैकी एक गेलं तरी बाकीच्या दोघांवरून ते पुन्हा उभं करता येतं.

कोणाला पट्टी हवी, कोणाला नको

तुळस, कढीपत्ता, कोरफड, मनीप्लांट यांना पट्टी लावून काही मिळत नाही. पट्टी हवी ती चार प्रकारच्या झाडांना.

पहिली, फूल नसताना सारखी दिसणारी. जास्वंदाच्या संकरित जाती, बोगनवेलीचे रंग, कलमी अडेनियम, गुलाब. बोगनवेलीच्या दहा फांद्या खोचल्या आणि नावं घातली नाहीत, तर कुठली पांढरी आणि कुठली राणी रंगाची हे फुलेपर्यंत कळत नाही.

दुसरी, वर्षातले काही महिने गायब होणारी. हळद, आंबेहळद, कळलावी, भुईचाफा, बऱ्याचशा लिली. पानं वाळून गेली की कुंडी रिकामी दिसते आणि कोणीतरी त्यातली माती दुसरीकडे ओततं. कंदांचा सगळ्यात मोठा शत्रू कीड नाही, ‘ही कुंडी रिकामीच आहे’ असं वाटणं हा आहे. त्यांच्या पट्टीवर नावाबरोबर ‘कंद आहे, उकरू नका’ हे चार शब्द हवेतच.

तिसरी, बियांची आणि कलमांची रोपं. चौथी, विषारी झाडं. कळलावीच्या कंदात कोल्चिसिन हे विष असतं, कण्हेरीचे सगळेच भाग विषारी असतात. मुलं खेळतात त्या बागेत या दोघांच्या पट्टीवर ‘विषारी’ हा शब्द नावाइतक्याच मोठ्या अक्षरात लिहावा.

पट्टीवर काय लिहायचं

कमी लिहा. नाव, वाण किंवा रंग, लावल्याचा महिना-वर्ष आणि झाडाचा वहीतला क्रमांक. बाकी सगळं वहीत.

पण नाव पुरेसं नेमकं हवं. नुसतं ‘चाफा’ लिहिलं तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. सोनचाफा म्हणजे मॅग्नोलिया चंपाका, देवळाच्या आवारातला पांढरा चाफा म्हणजे प्लुमेरिया, हिरवा चाफा म्हणजे आर्टाबोट्रिस, नागचाफा म्हणजे मेसुआ फेरिया आणि भुईचाफा म्हणजे केम्फेरिया रोटुंडा. हे पाचही वेगवेगळ्या वंशातले आहेत, त्यांचं पाणी वेगळं, छाटणी वेगळी. सोसायट्यांच्या कुंपणाला सरळसोट वाढणाऱ्या झाडाला सर्रास ‘अशोक’ म्हणतात. तो आसुपालव. खरा सीताअशोक म्हणजे साराका असोका, त्याला केशरी-लाल फुलांचे झुबके येतात.

शास्त्रीय नाव इंग्रजी लिपीत लिहिणार असाल तर वंशाच्या नावाचं पहिलं अक्षर मोठं, जातीचं नाव पूर्ण लहान अक्षरांत, आणि वाणाचं नाव असेल तर ते एकेरी अवतरणात. ही नावं बदलतातही. सोनचाफा पूर्वी मायकेलिया होता, तुळस पूर्वी ऑसिमम सँक्टम होती, आता ऑसिमम टेन्युइफ्लोरम आहे. म्हणून कायमच्या धातूच्या पट्टीवर मराठी नाव आणि क्रमांक कोरावा, शास्त्रीय नाव वहीत ठेवावं. वहीत खोडता येतं, पत्र्यावर नाही.

उभ्या पट्टीवर लिहिताना नाव वरच्या टोकापासून खाली यायला हवं. खालचा भाग चिखलाने माखतो. ‘पिवळी जास्वंद’ ऐवजी ‘जास्वंद पिवळी’ असं लिहिलं तर माखल्यावरही कामाचा शब्द वर शिल्लक राहतो.

लिहायचं कशाने

साधा परमनंट मार्कर पाण्याला टिकतो, उन्हाला टिकत नाही. त्यातला रंग विरघळलेला असतो. अतिनील किरणांनी रंगाचे रेणू तुटतात आणि अक्षर आधी तपकिरी, मग फिकट, मग नाहीसं होतं. लाल, निळा, हिरवा मार्कर काळ्याच्याही आधी जातो. पश्चिमेच्या गॅलरीत, जिथे दुपारचं ऊन थेट येतं, तिथे असं लिखाण काही महिन्यांतच वाचेनासं होतं. घरातल्या, सावलीतल्या कुंडीला मात्र हाच मार्कर चालतो.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात टिकाऊ साधन म्हणजे पेन्सिल. ग्राफाइट म्हणजे कार्बन, ऊन त्याचं काही बिघडवत नाही आणि पाण्यात ते विरघळत नाही. २बी किंवा ४बी घ्या, एचबी फिकट उमटते. एकच अट आहे: पृष्ठभाग खरखरीत हवा. गुळगुळीत प्लास्टिकवर पेन्सिल उमटत नाही, म्हणून ४०० नंबरचा पॉलिश पेपर पट्टीवर चार-पाच वेळा फिरवायचा. पट्टी निस्तेज, धुरकट दिसू लागली की ती तयार झाली.

लांबून वाचता यायला हवं असेल तर ऑइल-बेस्ड पेंट मार्कर घ्यावा. त्यात न विरघळलेले रंगकण असतात आणि सुकल्यावर पट्टीवर रंगाचा खरा थर बसतो. वापरताना तीन गोष्टी सांभाळायच्या. झाकण लावूनच हलवायचा आणि टोक आधी रद्दी कागदावर दाबून रंग उतरवून घ्यायचा, नाहीतर पहिल्याच अक्षरावर थेंब पडतो. पट्टी स्पिरिटने किंवा अल्कोहोल असलेल्या सॅनिटायझरने पुसून घ्यायची, कारण बोटांचं तेल लागलेल्या जागी रंग धरत नाही आणि तिथूनच त्याचे पोपडे निघतात. आणि लिहिल्यावर २४ तास पाणी लागू द्यायचं नाही. पावसाळ्यात दोन दिवस थांबलेलं बरं, हवेतल्या दमटपणामुळे थर सावकाश घट्ट होतो. मार्कर आडवा ठेवायचा. पाण्यावर चालणारे अॅक्रिलिक पेंट मार्करही मिळतात, ते आमच्या मते गॅलरीच्या आतल्या बाजूपुरते ठीक.

घरात लेबल छापायचं यंत्र असेल तर टेप लॅमिनेटेड आहे का ते आधी पाहा. लॅमिनेटेड टेपमध्ये छपाई पारदर्शक फिल्मखाली असते आणि ती चांगली टिकते. दुकानाच्या पावतीसारख्या थर्मल कागदाचं लेबल मात्र बागेत काही आठवडेही नीट राहत नाही, उष्णतेने सगळा कागद काळवंडतो किंवा अक्षरं उडतात. टेप अल्युमिनियमवर चिकटवा, आइस्क्रीमच्या डब्याच्या प्लास्टिकवर नको, त्याला गोंद धरत नाही. चारही कोपरे कात्रीने गोल करा, चौकोनी कोपरा आधी सुटतो.

कागदावर छापून लॅमिनेट करायचं असेल तर लेझर प्रिंट घ्या. इंकजेटची शाई ओल लागताच पसरते. फिल्म कागदाबाहेर चारही बाजूंनी निदान ५ मिमी राहिली पाहिजे आणि भोक त्या कडेत पाडायचं, कागदातून नाही. कागदातून भोक पाडलं की पाणी तिथूनच आत शिरतं आणि जुलैपर्यंत आत बुरशीचे काळे ठिपके दिसतात.

प्लास्टिकची पट्टी

विकतच्या पातळ पांढऱ्या पट्ट्यांपैकी बऱ्याचशा एका उन्हाळ्यात ठिसूळ होतात आणि हात लावताच तुटतात. घरातच त्याहून बरा माल असतो. श्रीखंडाचा किंवा आइस्क्रीमचा डबा उलटा करून पाहा. त्रिकोणात ५ आकडा असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन आहे, ते घ्या. ६ असेल तर पॉलिस्टायरिन, ते टाळा.

डब्याच्या सपाट भागातून १५ सेमी लांब आणि २ सेमी रुंद पट्ट्या कापा. एक टोक टोकदार करा. दोन्ही बाजूंना पॉलिश पेपर मारा. वरच्या भागात नाव लिहा आणि खालच्या, मातीत जाणाऱ्या ५ सेमी भागात मागच्या बाजूने तेच नाव पुन्हा पेन्सिलने लिहा. याचं कारण असं की प्लास्टिकची पट्टी जवळजवळ नेहमी मातीच्या रेषेवर तुटते, तिथे ती वाकते आणि तिथपर्यंत ऊनही पोचतं. तुटल्यावर वरचा तुकडा वाऱ्याने जातो, पण खालचा तिथेच राहतो आणि त्यावरचं नाव जसंच्या तसं असतं, कारण अंधारात काही विटत नाही.

महत्त्वाच्या कंदासाठी याच्याही पुढे जायचं: ५ सेमीची एक वेगळी पट्टी पेन्सिलने लिहून कुंडीच्या काठाला लागून, मातीखाली ३ सेमीवर, पूर्ण पुरून ठेवायची. प्रत्येक कुंडीत ती एकाच जागी हवी, समजा काठावर दोरा किंवा रंगाचा ठिपका आहे त्याच्या खाली. नाहीतर शोधताना कंदच कापला जायचा.

जुनी पट्टी पुन्हा वापरायची असेल तर मार्करचं लिखाण सॅनिटायझरने निघतं. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यातलं अॅसिटोन काही प्लास्टिकं चिकट करून विरघळवतं.

अल्युमिनियमची पट्टी: शाईच नको

अक्षर पत्र्यात दाबून उमटवलं की विटायला काही उरतच नाही. वर्षानुवर्षं राहणाऱ्या झाडासाठी हाच उपाय, आणि कच्चा माल म्हणजे शीतपेयाचा रिकामा कॅन.

कॅनचं वरचं आणि खालचं झाकण कात्रीने कापून काढा. हातमोजे घाला, या कडा ब्लेडइतक्या धारदार असतात. उरलेला नळा उभा चिरून उलगडला की जाड्या कॅनमधून साधारण २० × ९ सेमीचा पत्रा मिळतो. साबणाने धुऊन कोरडा करा, साखर राहिली तर मुंग्या येतात. ९ × ५ सेमीचे चार तुकडे कापा. प्रत्येक तुकडा लांबीच्या दिशेने मधोमध दुमडा, छापील बाजू आत. आता ९ × २.५ सेमीची दुहेरी पट्टी झाली. उघड्या कडा ३ मिमी आत वळवून पक्कडीने दाबा, म्हणजे बोट कापणार नाही आणि पट्टी ताठही राहील. कोपरे गोल करा.

आता पट्टी जुन्या मासिकावर ठेवा. टेबलावर ठेवली तर अक्षर खोल जात नाही, गादीसारख्या मऊ वस्तूवर ठेवली तर पत्रा वाकतो. शाई संपलेल्या बॉलपेनने दाबून लिहा, अक्षरं निदान ८ मिमी उंच. देवनागरीत एक काळजी घ्यावी लागते: शिरोरेषा अक्षरागणिक तोडून, पुन्हा पुन्हा दाबून काढली तर पातळ पत्रा त्याच रेषेवर फाटतो. म्हणून सगळी अक्षरं आधी लिहायची आणि शिरोरेषा शेवटी, एकाच हलक्या ओढीत. ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘ष्ट’ अशी जोडाक्षरं जरा मोठी काढायची.

पेन्सिलनेही अल्युमिनियमवर लिहिता येतं आणि ते दमट हवेत उलट पक्कं होत जातं. विमानांच्या कामात अल्युमिनियमच्या पत्र्यावर पेन्सिलने खूण करू देत नाहीत, कारण ग्राफाइट लागलेल्या जागी ओलीत धातू खरवडल्यासारखा खाल्ला जातो. विमानाला जे घातक, ते आपल्या पट्टीला सोयीचं.

जाड पट्टी हवी असेल तर हार्डवेअरच्या दुकानातून १ मिमी जाडीची, २० मिमी रुंद अल्युमिनियमची पट्टी आणि ३ मिमीचे ठोकायचे पंच आणा. नागदेवी स्ट्रीटला दोन्ही मिळतात. आकड्यांचा संच नऊ नगांचा असतो, ६ उलटा करून ९ होतो. अक्षरांचा संच इंग्रजी मोठ्या लिपीतला असतो, त्यामुळे मराठी नाव घालायचं तर ते हाताने कोरावं लागतं. आमचा सल्ला, फक्त आकड्यांचा संच घ्या आणि पट्टीवर क्रमांक ठोका. पट्टी लोखंडी ठोकळ्यावर मास्किंग टेपने चिकटवा, टेपची कड हीच ओळ धरा, आणि प्रत्येक आकड्याला हातोडीचा एकच नेमका ठोका द्या. लाकडावर ठेवून ठोकलं तर पंच उसळतो आणि आकडा दोनदा उमटतो.

तार कोणती

पट्टी टिकते आणि तार दगा देते, हे समुद्राजवळ फार होतं. घरात वायरिंगची तांब्याची तार पडलेली असते, ती अल्युमिनियमच्या पट्टीला कधीच वापरू नका. खारट दमट हवेत तांबं आणि अल्युमिनियम एकमेकांना लागून राहिले की अल्युमिनियम गंजतं, भोक मोठं होत जातं आणि पट्टी गळून पडते. जस्त चढवलेली लोखंडी तार वरळी-दादरच्या किनाऱ्याला लवकर तांबडी पडते, जस्ताचा थर गेला की गंज थांबत नाही. बोन्सायसाठी मिळणारी १ ते १.५ मिमी अल्युमिनियमची तार सगळ्यात बरी: मऊ, न गंजणारी आणि पट्टीच्याच धातूची. पांढरा केबल टाय उन्हात ठिसूळ होतो, काळा जास्त टिकतो, पण दोन्ही एकदा आवळले की सैल होत नाहीत. वाढत्या खोडाला ते लावू नयेत.

उन्हाळ्यात कावळे घरट्यासाठी तारा गोळा करतात. तारेचं लोंबतं टोक ठेवलंत तर ते ओढायलाच ठेवल्यासारखं आहे. टोक दोन-तीन पीळ देऊन पक्कडीने आत दाबा.

स्टीलचा चमचा

भांड्यांच्या दुकानात ताटल्या-पातेल्यांवर नाव घालून देतात, त्याच यंत्राने झाडाचंही नाव घालून मिळतं, आणि देवनागरीत, वळणदार अक्षरात. स्वस्तातले सपाट खोलगटीचे स्टीलचे चमचे घेऊन जायचे. नाव खोलगटीच्या मागच्या बाजूवर, क्रमांक दांड्यावर. दांडा मातीत खोचला की पट्टी तयार. नावांची यादी कागदावर स्वच्छ लिहून द्या, ‘कृष्णकमळ’ तोंडी सांगितलं तर काय कोरलं जाईल याची खात्री नाही. ठिपक्यांनी कोरलेलं अक्षर स्टीलवर जवळूनच दिसतं. ते उठून दिसायला काळा ऑइल पेंट बोटाने चोळा आणि लगेच वरचा रंग कोरड्या फडक्याने पुसा, रंग ठिपक्यांत राहतो. हलक्या स्टीलवर समुद्राच्या हवेने तपकिरी डाग येतात, पण अक्षर जात नाही.

लाकडाबद्दल फार लिहायचं नाही. आइस्क्रीमची काडी किंवा बांबूची कामटी एका पावसाळ्यात मातीच्या रेषेवर कुजते. बियांच्या ट्रेसाठी दोन महिने पुरते, तेवढंच तिचं काम. स्वयंपाकघराच्या ओट्यातून उरलेला कडप्प्याचा तुकडा मात्र उत्तम: काळ्या दगडावर पांढऱ्या पेंट मार्करने लिहिलेलं नाव छान दिसतं, आणि वारा त्याला हलवत नाही. गच्चीवर ठेवा, गॅलरीच्या कठड्यावर नको. पडला तर खाली माणूस असतो.

लावायची कुठे

सगळ्या कुंड्यांत पट्टी एकाच बाजूला हवी. गॅलरीत लिहिलेली बाजू घराकडे वळवा. ऊन बाहेरून येतं, त्यामुळे अक्षर सावलीत राहतं आणि आतून वाचताही येतं. गच्चीवर लिहिलेली बाजू उत्तरेकडे करा. मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे सूर्य मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंतचे दिवस सोडले तर दुपारी दक्षिणेलाच असतो, आणि त्या अपवादाच्या दिवसांतल्या निम्म्याहून जास्त दिवसांत ढग असतात.

पट्टीचा तिसरा हिस्सा मातीत गेला पाहिजे, त्याहून कमी खोचली तर झारीच्या पाण्यानेही आडवी होते. खोडाजवळ नको, काठाजवळ खोचा. अडेनियमचा फुगलेला बुंधा किंवा हळदीचा कंद टोकाने टोचला की तिथून कूज सुरू होते.

कुंडीवर नाव रंगवू नका. कुंडी बदलते, नाव मागे राहतं. त्याच कारणाने कुंडी बदलायच्या आधी पट्टी काढून सुतळीने झाडालाच बांधायची आणि नवी माती भरून झाल्यावर खोचायची. माळ्यालाही हे सांगून ठेवा. चार कुंड्या एकदम रिकाम्या केल्या आणि चार पट्ट्या जमिनीवर पडल्या, की पुढे नुसता अंदाज चालतो.

वेलीला आणि मोठ्या झुडपाला पट्टी टांगावी लागते. तारेचा फास इतका सैल हवा की आत दोन बोटं सहज जातील, आणि तो मुख्य खोडाऐवजी बाजूच्या फांदीला असावा. आवळलेली तार सालीत रुतते. सालीखालच्या थरातून पानांनी तयार केलेलं अन्न खाली मुळांकडे जातं, तो रस्ता बंद झाला की तारेच्या वरचा भाग फुगतो आणि मुळं उपाशी राहतात. कलमी गुलाबाला पट्टी जोडाच्या वरच्या फांदीला बांधा. ती वरचा वाण सांगते, खालचं खुंट नाही.

सोसायटीतली मोठी झाडं

खोडाला खिळा ठोकायचा नाही. जखमेतून बुरशी आणि कीड शिरते, आणि महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार झाडाला इजा करणंही झाड तोडण्याच्या व्याख्येत येतं. फलक खोडापासून ३० सेमी अंतरावर, जमिनीत ४० सेमी गाडलेल्या पाइपवर लावा. खणताना जाड मूळ लागलं तर जागा बदला, मूळ तोडू नका.

फलकासाठी दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्यांकडून ३ मिमी एसीपी शीटचे (दोन पातळ अल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये प्लास्टिक असलेल्या) उरलेले तुकडे मागा, नाहीतर ते भंगारातच जातात. तीन मीटरवरून आरामात वाचायला अक्षर २५ मिमी उंच लागतं, आणि वर वेलांटी, खाली उकार यांसाठी प्रत्येक ओळीला आणखी तेवढ्याच्या निम्मी जागा सोडावी लागते. इंग्रजीसाठी आखलेला नमुना तसाच वापरला की ‘बू’ आणि ‘कृ’चे पाय खालच्या ओळीत शिरतात. मराठी नाव मोठं, शास्त्रीय नाव लहान, खाली एक ओळ: ताम्हणाखाली ‘महाराष्ट्राचं राज्यपुष्प’ एवढं पुरे. क्यूआर कोड लावायचा असेल तर शेजारी नावही छापा. कोड ज्या पानावर नेतो ते पान दोन वर्षांनी असेलच असं नाही.

बियांचे ट्रे

इथे पट्टी बी पेरायच्या आधी लिहायची, नंतर नाही. मिरचीच्या चार वाणांची रोपं पहिल्या पानांत अगदी सारखी दिसतात. ट्रेच्या प्रत्येक ओळीला दोन्ही टोकांना पट्टी लावा आणि वहीत ‘ट्रे अ, ओळ १ ते ३, लवंगी’ अशी नोंद करा. दोन टोकं यासाठी की ट्रे उचलून फिरवला की डावं-उजवं उलटतं. ट्रेवर मास्किंग टेप चिकटवून लिहिलेलं पहिल्या आठवड्यातच ओलीने सुटतं.

वही

क्रमांक वर्ष आणि अनुक्रम असा द्या: २५-०१, २५-०२. वनस्पतिउद्यानांतही नोंदीला झाडाचा स्वतःचा क्रमांक असतो, कुंडीचा किंवा जागेचा नाही. वहीत क्रमांकासमोर नाव, कुठून आणलं, केव्हा लावलं, फुलाचा रंग आणि कुंडी कुठे आहे. सोबत गच्चीचा साधा नकाशा, जिन्याचं दार कुठे ते दाखवलेला. फोटो काढताना पट्टी आणि फूल एकाच फोटोत यायला हवेत. फोनवर ठेवलेली यादीही चालते, पण ती घरातल्या दुसऱ्या माणसाला उघडता आली पाहिजे. मेलेल्या झाडाचा क्रमांक नव्या झाडाला देऊ नका, वहीत समोर तारीख आणि कारण लिहून ती नोंद बंद करा.

वर्षातून दोनदा

मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि दसऱ्याच्या सुमारास सगळ्या पट्ट्यांवरून एक फेरी मारा. मेमध्ये विटलेली अक्षरं पुन्हा लिहायची, कारण पाऊस सुरू झाल्यावर पट्टी कोरडी मिळत नाही. तारांचे फास सैल करायचे. दसऱ्याला शेवाळ काढायचं: जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी, हिरवी घासणी नको, ती पेंट मार्करचा थरही खरवडून नेते.

फेरीत बेवारस पट्टी सापडली तर अंदाजाने कुठल्याही कुंडीत खोचू नका. चुकीचं नाव हे नाव नसण्यापेक्षा वाईट, कारण पुढे कोणी ते तपासत नाही. आधी जवळच्या कुंड्यांत पुरलेली पट्टी शोधा, मग वहीतला नकाशा पाहा. तरी जुळलं नाही तर झाडाला नवीन पट्टीवर क्रमांक आणि प्रश्नचिन्ह द्या, आणि फूल आलं की नाव लिहा.